बीटच्या रंगानं रक्त वाढत नाही

भाचीला भिशीच्या ग्रुपवरून एक मेसेज आला आणि तिनं सव्वा वर्षाच्या लेकाचं लोहाचं सिरप बंद केलं. आशाताईंनी घरी आणून दिलेली बाटली तशीच पडून आहे. मेसेज थोडक्यात असा: या सिरपनं दात आणि शी काळी होते, लिव्हर जातं, परदेशात मुलं दगावली म्हणून तिकडे ते बंद झालं, रक्तक्षयाचे आकडे फुगवलेले, सगळा कंपन्यांचा धंदा, त्यापेक्षा सहाव्या महिन्यापासून मधातून बीटचा रस द्या आणि भरपूर दूध पाजा. शेवटी 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'. पोचला, बाई!

शी काळी होते, खरंय. अंगी न लागलेलं लोह बाहेर पडतं, एवढंच. दातांवरचे डाग वरवरचे असतात, ब्रशनं निघतात. सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडलं तर पडतही नाहीत. लिव्हरचं म्हणाल तर डोस आठवड्यातून दोनदा एकेक मिली, म्हणजे दर वेळी २० मिलीग्रॅम लोह. त्यानं लिव्हर जात नाही. पोरानं अख्खी बाटली तोंडाला लावली तर मात्र जिवावर बेतेल, म्हणून ती हाताला लागेल अशी ठेवू नका.

आता परदेशातली मुलं. इथे निम्मं खरं आहे, आणि तेच जास्त घातक. टांझानियातल्या पेंबा बेटावर लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं, तेव्हा मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी वाढलं आणि २००३मध्ये लोहाचा भाग थांबवावा लागला. पण पेंबात तेव्हा मलेरियाचं थैमान होतं. त्याच सुमारास नेपाळच्या तराईत, जिथे मलेरिया जवळपास नव्हता, असाच प्रयोग झाला. तिथे मृत्यू वाढले नाहीत. दोन्ही अहवाल २००६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पेंबातसुद्धा ज्या मुलांच्या अंगात मुळात लोह कमी होतं आणि रक्तक्षय होता, त्यांना फायदाच झाला. म्हणून जागतिक आरोग्य संघटना मलेरियाच्या भागात लोहासोबत मलेरियाचा प्रतिबंध आणि उपचार हवेत असं सांगते. लोह बंद करा असं सांगत नाही. गडचिरोलीत हे लक्षात ठेवायलाच हवं. भाची राहते नाशकात.

आणि हे बीट! एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ८ मिलीग्रॅम लोह लागतं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. १०० ग्रॅम बीटमध्ये एक मिलीग्रॅमही नसतं. म्हणजे रोज किलोभर बीट, तेही सव्वा वर्षाच्या पोराला? लाल दिसतं म्हणून रक्त वाढत असतं, तर कलिंगडाच्या दिवसांत गावात कुणी फिकट उरलं नसतं.

मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचाच नसतो. त्यातल्या जिवाणूंमुळे बोटुलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. 'नैसर्गिक' म्हणून हा सल्ला देणाऱ्यांना बाळाच्या जिवाची काय पडली असणार!

दुधानं तर आणखी घोळ होतो. गाई-म्हशीच्या दुधात लोह नावालाच, वर जेवणातलं लोहही ते नीट शोषू देत नाही. शिवाय बाटल्यांवर पोट भरलेलं पोर वरणभाताला तोंड लावत नाही. अशी गुटगुटीत, गोरीपान म्हणून कौतुक होणारी मुलं तपासली की हिमोग्लोबिन अनेकदा आठ-नऊच निघतं, म्हणजे रक्तक्षयच.

आकड्यांवर वाद आहे, मान्य. २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. ती तपासणी बोटातल्या रक्ताची, त्यात आकडा फुगू शकतो. शिरेतलं रक्त घेणाऱ्या २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत देशभरात एक ते चार वर्षांची ४१ टक्के मुलं निघाली. बरं, धरा ४१च. ते काय थोडे झाले?

धंद्याचं उत्तर एका ओळीत: सिरप फुकट मिळतं.

ताप असेल, मूल तीव्र कुपोषित असेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर सिरप थांबवून डॉक्टरांना विचारायचं. भाचीच्या लेकाला यातलं काहीच नाही. तिला सांगितलंय, उद्यापासून आठवड्यातून दोनदा एक मिली सुरू कर, जेवण झाल्यावर दे, आणि संध्याकाळी आजोबांच्या बशीतला चहा बंद, तोही लोह शोषू देत नाही.