करार झाला, आता विशेष शिक्षकाच्या हाती सहीचं पेन द्या

विद्यापीठ आणि सरकारी खातं यांच्यात सामंजस्य करार झाला की फोटो ठरलेला असतो. मधे टेबल, टेबलावर फुलांचा गुच्छ, दोन फाइली, दोन पेनं आणि मागे दाटीवाटीने उभी असलेली माणसं. त्या माणसांत रोज वर्गावर जाणारा एखादा विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायला तयार झालेला शिक्षक, आहे का, हे मी दरवेळी शोधते. मिळत नाही.

मी नागपुरात एका साध्या बी.एड. कॉलेजात शिकवते. साध्या म्हणजे ‘स्पेशल’ नसलेल्या. तासिका तत्त्वावर, हे वेगळं सांगायला नको. आता दुसऱ्या तत्त्वावर उरलंय तरी कोण! छात्राध्यापकांचे पाठ बघायला मनपाच्या, झेडपीच्या, अनुदानित अशा सगळ्या शाळांतून फिरणं होतं. दिव्यांग मुलांना शिकवणारी माणसं कशी तयार होतात आणि कशी तयारच होत नाहीत, हे त्या फिरण्यात दिसतं. म्हणून हा लांबलचक प्रपंच. सरकार आणि विद्यापीठ यांनी मिळून हे काम करावं, असं आता सगळेच म्हणतात. मीही म्हणते. फक्त ते मिळून करायचं कुठे, यावर माझा वाद आहे. सभागृहात नाही, शाळेत.

आधी हे काम किती घरांत वाटलं गेलंय ते बघा. झेडपी किंवा मनपाच्या शाळेतलं दिव्यांग मूल शालेय शिक्षण विभागाचं. तेच मूल विशेष शाळेत गेलं की दिव्यांग कल्याण विभागाचं. (हा स्वतंत्र विभाग महाराष्ट्राने केला डिसेंबर २०२२ मध्ये. चांगलंच झालं, पण फाइलीला आणखी एक दार वाढलं.) त्याचा शिक्षक घडवणारं कॉलेज उच्च शिक्षण विभागाचं. साध्या बी.एड.ला मान्यता देते राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई, ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखाली. स्पेशल बी.एड.ला मान्यता देते भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ती सामाजिक न्याय मंत्रालयाखाली. आरसीआयचा कायदा १९९२ चा, एनसीटीईचा १९९३ चा. पाठोपाठच्या वर्षांत कायदे झालेल्या या दोन परिषदा इतकी वर्षं आपापल्या वाटेनं चालल्या, की शेवटी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दोघींच्या अभ्यासक्रमांचा मेळ घाला असं लिहावं लागलं.

मेळ नसला की काय होतं, त्याचा नमुना एनसीटीईच्या २०१० च्या अधिसूचनेत आहे. स्पेशल डी.एड. किंवा स्पेशल बी.एड. झालेला माणूस प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून लागला, तर नेमणुकीनंतर त्याने सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा कोर्स करायचा. का? तर त्याला साधी मुलं शिकवता यावीत म्हणून. ठीक आहे, मान्य. मग साधं बी.एड. झालेल्याच्या वर्गात एक स्वमग्न मूल, एक कमी ऐकू येणारं मूल आणि अध्ययन अक्षमता असलेली दोन मुलं असतात, त्याने कोणता सहा महिन्यांचा कोर्स करायचा? कोणताच नाही. त्याला दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये ‘समावेशक शाळा’ या विषयाचा अर्धा पेपर असतो. अर्धा. एनसीटीईच्या आराखड्यातच तो अर्धा आहे. आमच्याकडे तो बहुधा सत्राच्या शेवटी उरकला जातो, कारण तोवर सगळे इंटर्नशिपच्या फाइलीत बुडालेले असतात. मुलं गाइडमधून दिव्यांगत्वाचे प्रकार पाठ करतात, व्याख्या लिहितात, पास होतात.

स्पेशल बी.एड.ची तऱ्हा वेगळी. तिथे अभ्यास खोल आहे, प्रात्यक्षिकं भरपूर आहेत, पण पदवी एका दिव्यांगत्वात विशेष प्रावीण्याची. कोणी श्रवणदोषाचं केलंय, कोणी दृष्टिदोषाचं, कोणी बौद्धिक अक्षमतेचं. बाकीच्यांची ओळख होते, पण ओळखीपुरतीच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात प्रकार २१. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात होते. कायदा सातावरून एकवीसवर गेला. शाळेच्या दारात उभा राहणारा शिक्षक मात्र एकाचाच तज्ज्ञ. खुणांची भाषा उत्तम येणारी बाई केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर, रुजू होते आणि तिच्या यादीत पहिलंच नाव सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचं असतं. तिने काय करावं, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. ती यूट्यूबवर शिकते, फिजिओथेरपिस्टला विचारते, मुलाच्या आईकडून शिकते. शिकतेही चांगलं. पण हे सगळं नोकरीत शिरल्यावर, एकटीने.

आता एक वर्ग दाखवते. उत्तर नागपुरातली मनपाची शाळा, सहावी. माझी छात्राध्यापिका पूर्णांकांची बेरीज घेत होती. पाठ टाचण नीटनेटकं, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या रांगेत एक मुलगा, सेरेब्रल पाल्सीचा. बोटं आखडलेली, पेन्सिल धरली की निसटायची, बोलणं अस्पष्ट. ती त्याच्या बाकापाशी आली की पावलं जरा जोरात टाकायची आणि पुढच्या बाकाकडे वळायची. मुद्दाम नव्हे. काय विचारावं हेच तिला कळत नव्हतं.

त्या दिवशी नेमकी फिरत्या विशेष शिक्षिकेची भेट होती. तिने मागून सगळं पाहिलं, पाठ संपेपर्यंत थांबली आणि मग त्या मुलाजवळ जाऊन बसली. पिशवीतून एक जाड बॉक्स फाइल काढली, उतरती होईल अशी बाकावर ठेवली, चिकटपट्टीनं पक्की केली. तिच्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर जाड काळ्या मार्करनं संख्यारेषा, उणे पाच ते अधिक पाच. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून उणे तीनवर ठेवलं आणि माझ्या विद्यार्थिनीला म्हणाली, “लिहायला नका लावू, सरकवायला सांगा. उणे तीनमध्ये पाच मिळवले तर कुठं येईल?” पोरानं झाकण ढकललं. हात थरथरत होता, एकदा झाकण पुढे घसरलं तर त्यानंच ते मागे ओढलं. अधिक दोनवर थांबला आणि आमच्याकडे बघून असा हसला, की आम्हा दोघींना आपण बी.एड. कॉलेजातल्या आहोत याचं जरा ओशाळंच वाटलं. त्याची आई गेटपाशी उभी होती. तिला सांगितलं तर म्हणते, “त्याले समजते सगळं, म्याडम. हातच आयकत नाही त्याचा.”

यानंतर मी पाठ निरीक्षणाचा तक्ता भरायला घेतला. प्रस्तावना, विषय विवेचन, प्रश्न कौशल्य, फलक लेखन, समारोप. गुण, शेरा. खाली सहीच्या जागा: पाठ निरीक्षक, मुख्याध्यापक, प्राचार्य. माझ्या विद्यार्थिनीला त्या दिवशी सगळ्यात जास्त ज्यांनी शिकवलं, त्या बाईंच्या सहीला त्या कागदावर जागाच नव्हती. त्या तोवर स्कूटी काढून पुढच्या शाळेकडे निघूनही गेल्या होत्या.

माझं सगळं भांडण या तक्त्याशी आहे.

२०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि इंटर्नशिप लांबली. शाळेत सलग सोळा आठवडे, ही चांगलीच सुधारणा होती. पण त्या आठवड्यांत दिव्यांग मुलाबरोबर किती वेळ घालवायचा, कोणाच्या देखरेखीत, त्याला गुण किती, हे आमच्याकडे धड ठरलेलंच नाही. मग उरतं जर्नल. आणि जर्नलचं काय होतं ते बर्डीवरच्या झेरॉक्सवाल्यांना विचारा. ‘दिव्यांग विद्यार्थ्याचा व्यक्ती अभ्यास’ तिथं तयार मिळतो, फक्त नाव बदलायचं. एकाच मुलाचा व्यक्ती अभ्यास मी वेगवेगळ्या गावांत घडलेला वाचलाय; बुद्ध्यंक मात्र सगळीकडे तोच.

सरकारच्या बाजूनंही कौतुक करावं असं फार नाही. दिव्यांग मुलांना साध्या शाळेत शिकवायची केंद्र सरकारची पहिली योजना १९७४ ची. तेव्हापासून नावं बदलत आली, मग सर्व शिक्षा अभियान, २०१८ पासून समग्र शिक्षा. विशेष शिक्षक मात्र वर्षानुवर्षं कंत्राटी. सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण घालून दिलं: सेरेब्रल पाल्सीच्या आठ मुलांमागे एक शिक्षक, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमतेच्या पाच मुलांमागे एक, बहिरं-अंधत्व असलेल्या दोन मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, मंजूर पदं तरी जाहीर करा. आपल्या राज्याने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करायचा निर्णय घेतला. एका केंद्राला एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्यांना त्यातून कायम होण्याची वाट मिळते, हे मला मनापासून आवडलं. पण एका केंद्रात दहाबारा शाळा असतात. त्या बाई एका शाळेत महिन्यातून किती वेळा पोचणार, हिशेब तुम्हीच करा. म्हणजे उरलेले सगळे दिवस ते मूल साध्या शिक्षकाच्याच हाती. आणि तो साधा शिक्षक आम्ही घडवतो, अर्ध्या पेपरावर.

म्हणून विद्यापीठाला यातून अंग काढून घेता येणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे आज चार जिल्हे आहेत: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. या चार जिल्ह्यांत केंद्रं किती, विशेष शिक्षकांच्या जागा किती भरल्यात, कोणत्या दिव्यांगत्वाची मुलं किती, हे शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयांत असतं. कोणत्या स्पेशलायझेशनचे किती विद्यार्थी यंदा पास झाले, हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात असतं. हे दोन कागद एका टेबलावर ठेवून कोणी बघितलेत असं माझ्या ऐकिवात नाही. नागपुरात तर सबबही नाही. झेडपी, शिक्षण उपसंचालक, विद्यापीठ, केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं सीआरसी, मेडिकल, एम्स, सगळं एकाच शहरात. हिवाळी अधिवेशनात तर मुंबईची अख्खी खाती इथं मुक्कामाला असतात. तेव्हा कंत्राटी शिक्षकांना बसायला यशवंत स्टेडियमचा मंडप मिळतो, खात्यांना मात्र एकत्र बसायला खोली मिळत नाही!

बाहेर हे कसं करतात, याचं एक उदाहरण. अमेरिकेत केंद्र सरकारच्या विशेष शिक्षण कार्यालयाच्या पैशातून २०१३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ‘सीडर’ नावाचं केंद्र सुरू झालं. त्याचं काम एवढंच, की राज्याचं शिक्षण खातं आणि त्या राज्यातली विद्यापीठं यांना एकत्र बसवायचं आणि शिक्षक घडवण्याचे अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकं, परवान्याचे नियम एकमेकांशी जुळवून घ्यायला लावायचं. तिथल्या विशेष शिक्षकांच्या संघटनेबरोबर त्यांनी २०१७ मध्ये २२ अध्यापन पद्धती निश्चित केल्या, नव्या शिक्षकाला हातात यायलाच हव्यात अशा. तिथं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ पासून असून विशेष शिक्षकांचा तुटवडा त्यांनाही आहे. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: एकत्र बसवणं हे कोणाचं तरी ठरलेलं, पगारी काम आहे. आपल्याकडे ते कोणाचंच काम नसतं, म्हणून ते फुलांच्या गुच्छापाशी संपतं.

हे बोललं की काही जण म्हणतात, मॅडम, विशेष शाळा आहेत की, तिथं तज्ज्ञ आहेत. आहेत, आणि काही मुलांना त्या लागतातच, हे मी कधी नाकारलं नाही. नागपुरातल्या जुन्या विशेष शाळांतल्या शिक्षकांनी जे जमवलंय ते आमच्या कुठल्याही पुस्तकात नाही. उलट माझं म्हणणं असं की त्यांनाच आमच्या कॉलेजात आणा. वर्षातून एकदा ‘अतिथी व्याख्यान’ म्हणून नारळ-शाल देऊन नव्हे, तर तास देऊन, मानधन देऊन, गुणपत्रिकेवर अधिकार देऊन. आणि आम्हा प्राध्यापकांनाही दर सत्रात काही दिवस त्यांच्या वर्गात पाठवा. मुलगा पेन्सिल धरत नसेल तर काय करायचं, हे मला विचारलंत तर मी आजही त्या बाईंचा पुठ्ठा आणि झाकण एवढंच सांगू शकेन.

ऑनलाइन प्रशिक्षणांवर फार बोलत नाही. शिक्षकांसाठीच्या ‘निष्ठा’ या सरकारी कार्यक्रमाचे कोर्स झाले, प्रमाणपत्रं डाउनलोड झाली, व्हॉट्सॲप स्टेटसला लागली. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे ॲप २०२२ पासून आहे, मुलाची प्राथमिक तपासणी त्यावर करता येते, चांगलं आहे. पण ॲपवर मूल सापडल्यावर उद्या सकाळच्या तासाला काय करायचं, ते ॲप सांगत नाही.

मोठ्या मागण्या मोठी माणसं करतील. पद आणि जागांचा हिशेब जुळवा, दोन परिषदांचा अभ्यासक्रम जुळवा, अर्ध्या पेपरचा पूर्ण करा, हे सगळं व्हायलाच हवं. पण त्यात मुंबई-दिल्ली आली की किती वर्षं जातात ते आपण बघतोच. माझी मागणी त्यातली सगळ्यात छोटी आहे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर असलेलं कोणी हे वाचत असेल तर ऐका. साध्या बी.एड.च्या इंटर्नशिपमधले काही आठवडे केंद्राच्या विशेष शिक्षकासोबत सक्तीचे करा. छात्राध्यापकाने एका दिव्यांग मुलासाठी वैयक्तिक शिक्षण योजना करायची, ती वर्गात चालवून दाखवायची, आणि त्याचे गुण त्या विशेष शिक्षकाने द्यायचे. अंतर्गत गुणांची विभागणी विद्यापीठाच्या हातात आहे. झेडपी आणि मनपाने एवढंच करायचं, की हे काम त्या शिक्षकांच्या कामाच्या तासांत धरायचं आणि पेट्रोलचे पैसे द्यायचे. पुढच्या सत्राचे तक्ते छापायला जातील तेव्हा प्राचार्यांच्या सहीशेजारी आणखी एक रेघ मारा आणि तिच्याखाली लिहा, ‘विशेष शिक्षक’.