चौसष्ट कला आणि एक माग

वादाला कारण चादरीचा कारखाना असलेल्या अंबादासचा पोरगा. बारावीची परीक्षा संपलेली, निकालाला अवकाश, आणि घरात त्याच्या सुट्टीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटलेलं: सकाळी पोहणं, मग कोडिंग, दुपारी इंग्रजी संभाषण, संध्याकाळी गिटार. पार्क चौकात डिस्को भज्यांची पुडी सोडता सोडता अंबादासनं हे सांगितलं आणि निकालही स्वतःच देऊन टाकला. "एक ना धड, भाराभर चिंध्या. कारखान्यात पाठवा म्हणलो, तर घरात कोण ऐकंना."

मल्लू बँकेत आहे. तो उसळलाच. "काय बोललालास बे? एकच काम येणाऱ्यांचं काय झालं, ते सोलापूरकराला सांगायला पाहिजे का? जुनी मिल 1877 सालची. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, जन्म काढलेली माणसं रिकामी झाली. कोण भाजी विकायला बसलं, कोण वॉचमन झालं. हातात दुसरं काही होतं का?"

यावर कुणाकडंच झटकन उत्तर नव्हतं. कट्ट्यावरच्या बऱ्याच घरांत तसा एखादा आजोबा होऊन गेलाय. मल्लूला जोर चढला. त्यानं वालचंद हिराचंदांना मैदानात उतरवलं. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेला माणूस. रेल्वेची कंत्राटं घेतली, जहाजं चालवली, साखर काढली, 1940 मध्ये बंगळुरात विमानाचा कारखाना उभा केला, शिवाय मोटारी. "ह्याला म्हणायचं अष्टपैलू."

"विमान त्यांनी स्वतः उडवलं का?" अंबादासनं विचारलं. "जहाज स्वतः हाकलं? ज्याला जे येतं तो माणूस हेरायचा आणि कामाला लावायचा. विद्या एकच, पण पक्की."

मला हे बिनतोड वाटलं. मल्लूला वाटलं नाही, पण तो भज्यांकडं वळला यावरून काय ते समजावं.

वैशाली कॉलेजात शिकवते. ती एवढा वेळ गप्प होती, म्हणजे काहीतरी शिजत होतं. "चौदा विद्या, चौसष्ट कला असं आपण उठसूट म्हणतो. कामसूत्रातली वात्स्यायनाची यादी वाचलीय कुणी? गाणं, नाच, चित्रं, शिवण, सुतारकाम आहेच. पोपट-मैनेला बोलायला शिकवणं हीसुद्धा त्यात एक कला आहे. आणि त्याचा तो नागरक, म्हणजे शहरातला सुखवस्तू माणूस, दुपारी जेवण झाल्यावर खरंच पोपटाला बोलायला शिकवत बसतो. घरात नोकरचाकर असले की चौसष्ट काय, शंभर कला येतील."

मग ती विडीवाल्या बायांवर आली, आणि आवाज जरा चढला. "अशोक चौकाकडं कुठल्याही घरात जा. बाई पान भिजवणार, पत्र्याच्या मापानं कापणार, तंबाखू भरणार, वळणार, दोरा बांधणार. मजुरी हजारावर. मध्ये उठून भाकरी, मध्येच पोराचा अभ्यास. कारखान्यात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड. बचत गटाचा हिशोब तोंडपाठ. तिला कोण अष्टपैलू म्हणतं का? पोहणं आणि गिटार आलं की व्यक्तिमत्त्व, आणि हे आलं की नुसतं घरकाम?"

"बरोबर आहे की," मल्लू म्हणाला.

"तुझं तर बोलूच नको. पूर्वी तुझ्या टेबलावर एक काम होतं. आता खाती उघड, विमा वीक, म्युच्युअल फंड गळ्यात मार, आधार जोड, ॲप डाउनलोड करून दे. पगार एकाच माणसाचा. सगळं यावं असं जे म्हणतात ना, त्यातले निम्मे असे दोन माणसांचे पैसे वाचवणारे असतात."

मल्लूनं नुसतं "व्हय" म्हटलं. मार्चअखेर त्याला नुकतीच सोसून झालेली.

रियाज रिक्षा चालवतो आणि उरलेल्या वेळात वायरिंगची कामं घेतो. त्याला हा सगळा वाद मुळात चुकीच्या ठिकाणी चाललाय असं वाटत होतं. "चार भाषा मला येतात. क्लास कुठं लावला होता? अक्कलकोटकडची म्हातारी कन्नडच बोलणार, तिला दवाखान्यात सोडायचंय, तर शिकलो. घरातला पंखा बंद पडला, मिस्त्री आला नाही, तर वायर जोडायला शिकलो. अडलं की येतं."

मला डॉ. कोटणीस आठवले. भय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून आपण रोज जातो. 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथं चिनी शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, डॉक्टर घडवले, रुग्णालय सांभाळलं. 1942 मध्ये गेले तेव्हा वय 32. ती भाषा त्यांनी छंद म्हणून नाही शिकली. समोर विव्हळणाऱ्या माणसाला कुठं दुखतंय हे विचारायचं होतं. डॉक्टरकी आधी पक्की होती, म्हणून बाकीचं तिला येऊन चिकटलं. अंबादासच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाशी माझं भांडण एवढंच आहे की त्यात चार गोष्टी आहेत आणि अडलेली एकही नाही.

"म्हणजे माझंच खरं," अंबादास खूश झाला.

"तुझं कसं?" वैशालीनं त्याला सोडलं नाही. "माग तुला आवाजावरून कळतो, मान्य. कुठला धागा तुटला ते बघायच्या आधी सांगतोस. जेकार्ड मागावरची नक्षी डोळे मिटून बसवशील. पण जीएसटी दुसरा भरतो. बाहेर कुठंतरी विणलेला माल सोलापुरी चादर म्हणून मोबाइलवर विकला जातोय आणि तुझी खरी चादर गोदामात पडून. तुला एक फोटो टाकता येत नाही. हे अडलेलं नाही का?"

अंबादासचं तोंड उतरलं. व्यापारी उधारी थकवतात हे तो रोज सांगतो. पण स्वतः गिऱ्हाईक गाठायचं म्हटलं की विषय बदलतो.

तह रियाजनं केला. पोरानं सकाळी कारखान्यात बसायचं. कांडी भरण्यापासून शिवणीपर्यंत सगळं एकदा हातानं करायचं. दुपारी चादरींचे फोटो काढून त्या ऑनलाइन विकायला लावायच्या, त्यापुढं कोडिंग लागलं तर तेही शिकायचं. पोहणं राहू दे, सोलापूरच्या उन्हाळ्यात ते काढून घेणं पाप आहे. गिटारवर एकमत झालं नाही. वैशाली म्हणाली, एखादी गोष्ट बिनकामाची असू द्यावी माणसाकडं. मल्लू म्हणाला, फी परत मिळते का बघ.

अंबादासला सगळं कबूल होतं, फक्त एक सोडून. "फोटो त्यानं काढू दे. पण चादरीची घडी मी घालणार. त्याला घडी घालता येत नाही."

"मग शिकव की बे," रियाज म्हणाला.