सापडलं नाही म्हणायला यांचं काय जातं?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. ओळखीतल्या एका काकांनी स्क्रीनशॉट पाठवला. त्यांच्या प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर 'ई५७' आलं आणि मशीन ठप्प. त्यांनी मॉडेलचं नाव आणि कोड सर्चमध्ये टाकला. सगळ्यात वर, लिंकांच्याही आधी, एआयनं लिहिलेला सुबक सारांश: कागद अडकला आहे, मशीन बंद करा, मागचं झाकण काढा, रोलर हातानं उलटा फिरवा. बाजूला तीन लिंका, पुरावा म्हणून. तिन्ही उघडल्या. एकीत ई५१, दुसरीत ई७५, तिसरी भलत्याच मॉडेलची. 'ई५७' ही अक्षरं तिन्ही पानांवर कुठेच नाहीत. तोवर काकांचा रोलर फिरवून झाला होता, झाकणाची एक क्लिप तुटली होती आणि कोड जागच्या जागी. सर्च इंजिनाचं नाव घेत नाही. सगळे एकाच माळेचे मणी.

खरं उत्तर एका ओळीचं होतं: या कोडबद्दल आमच्याकडे एकही पान नाही. ते मिळालं असतं तर माणसानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून सर्व्हिस सेंटरला फोन केला असता. पण हे वाक्य आता सर्चमधून हद्दपार झालंय, आणि ते चुकून झालेलं नाही.

जुनी पद्धत आठवा. उलटी सूची, इन्व्हर्टेड इंडेक्स. प्रत्येक शब्दासमोर तो ज्या पानांत आला त्यांची यादी. ई५७ ची यादी काढायची, मॉडेलच्या नावाची काढायची, दोन्हींत असलेली पानं घ्यायची. ई५७ ची यादीच नसेल तर उत्तर शून्य, विषय संपला. कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली आयडीएफची कल्पना तर अशा कोडांसाठीच बेतल्यासारखी आहे: शब्द जितका दुर्मिळ, तितकं त्याचं वजन जास्त. हिशोब करून बघा. समजा एक कोटी पानं आहेत, 'प्रिंटर' त्यातल्या दहा लाखांत आहे आणि 'ई५७' फक्त एकात. बीएम२५ (शब्दांच्या वजनांवरून पानांना गुण देणारी जुनी पद्धत) मधल्या आयडीएफच्या सूत्रानं 'प्रिंटर'चं वजन येतं साधारण २.२ आणि 'ई५७'चं १५.७. पन्नास वर्षांपूर्वीच्या गणिताला कळत होतं की या प्रश्नात कळीचं काय आहे.

आता व्हेक्टरवाले, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत (व्हेक्टरमध्ये) मांडून शोधणारे. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मॉडेलमधून काढून त्याचे शेकडो आकडे करायचे (बर्ट या गूगलच्या भाषा-मॉडेलच्या बेस आवृत्तीत ७६८), प्रश्नाचेही तेवढेच आकडे करायचे आणि त्याच्या जवळात जवळचे तुकडे उचलायचे. गडबड पहिल्याच पायरीला होते. मूळ इंग्रजी बर्टच्या शब्दसंग्रहात सुमारे ३० हजार नोंदी आहेत. तुमच्या प्रिंटरचा कोड त्यात अख्खा असण्याचं काही कारण नाही, म्हणून तो फुटतो, अक्षर एकीकडे, आकडे दुसरीकडे. मग सगळं एकत्र करून एकच व्हेक्टर बनतो. 'प्रिंटर, एरर, बंद पडला, उपाय' या अर्थाच्या गर्दीत ५१ की ५७ हा फरक पार विरघळून जातो. मॉडेलच्या लेखी दोन्ही प्रश्न एकच: प्रिंटर बिघडलाय.

आणि त्याहून वाईट म्हणजे इथे रिकामं उत्तर संभवतच नाही. जवळचे दहा द्या म्हटलं की दहा येतात. एचएनएसडब्ल्यू ग्राफमध्ये (जवळचे व्हेक्टर चटकन शोधायला विणलेल्या जाळ्यात) शोध शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे उड्या मारत जातो आणि कुठेतरी जाऊन टेकतोच. किती लांब जाऊन टेकला याचं त्याला सोयरसुतक नाही. वर्गात गैरहजर मुलाचं नाव पुकारलं की शेजारच्यानं 'हजर' म्हणून हात वर करावा, तसं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग स्कोअर ठरावीक मर्यादेखाली असेल तर दाखवू नका, सोपं आहे. सोपं नाहीये हो. ही मॉडेलं शिकतात ती क्रम लावायला. या प्रश्नाला हा तुकडा त्या तुकड्यापेक्षा बरा, एवढंच. त्यांचा कोसाइन स्कोअर (दोन व्हेक्टर किती जवळचे याचं माप) एका प्रश्नात ०.८ असला तर तो चांगला, आणि दुसऱ्या प्रश्नात तोच ०.८ कचरा. सगळ्या प्रश्नांना चालेल असा एकच आकडा मिळत नाही. शिवाय ई५७ च्या प्रश्नाला ई५१ चं पान तर भरघोस स्कोअर घेऊन येणार, कारण एक आकडा सोडला तर बाकी सगळं जुळतंय! मर्यादा लावून तुम्ही नेमकी हीच चूक पकडू शकत नाही.

बरं, मान्य: ज्यांना नेमका शब्द ठाऊक नसतो त्यांना व्हेक्टरनं खरंच हात दिला, आणि २०१९ मध्ये गूगलनं बर्ट सर्चमध्ये आणल्यावर लांबलचक वाक्यांतले प्रश्न पूर्वीपेक्षा बरे कळायला लागले. झालं मान्य करून.

आता कोणी म्हणेल, हायब्रिड आहे ना. बीएम२५ ची यादी आणि व्हेक्टरची यादी एकत्र करतात, दोन्हींचे फायदे मिळतात. हे ऐकलं की मला जास्त राग येतो, कारण ही यादी जोडतात कशी ते फार जण बघतच नाहीत. सर्रास वापरतात ते आरआरएफ, २००९ मधलं सूत्र. प्रत्येक यादीतला क्रमांक घ्यायचा, त्यात ६० मिळवायचे, एक भागिले ती बेरीज, आणि दोन्ही याद्यांतले गुण एकत्र करायचे. मूळ स्कोअर फेकून द्यायचा. आता समजा ई५७ चं खरंखुरं पान जगात एकच आहे. बीएम२५ मध्ये ते पहिलं आहे, पण व्हेक्टरच्या पहिल्या शंभरात नाही. त्याचे गुण १/६१, म्हणजे ०.०१६४. दुसरं एक गुळगुळीत पान, 'प्रिंटरच्या सर्व समस्या व उपाय' छापाचं, दोन्ही याद्यांत साठाव्या नंबरवर रखडतंय. त्याचे गुण २/१२०, म्हणजे ०.०१६७. जिंकलं कोण? साठावं पान! जिथे १५.७ वजनाचा पुरावा हातात होता तिथे तुम्ही तो क्रमांकात बदलून टाकलात. आणि बीएम२५ ची यादी पूर्ण रिकामी आली तर? आरआरएफ हूं की चूं करत नाही. व्हेक्टरची यादी तशीच पुढे सरकते आणि 'काहीच जुळलं नाही' ही बातमी वाटेत गायब होते. काकांच्या बाबतीत असंच काहीसं झालं असणार, माझी खात्री आहे.

संशोधनाला हे ठाऊक नाही असंही नाही. बीआयर या २०२१ च्या चाचणीसंचात वेगवेगळ्या विषयांवर मॉडेलं तपासली, तेव्हा न शिकलेल्या विषयांत बऱ्याच व्हेक्टर मॉडेलांना जुन्या बीएम२५ नं पाणी पाजलं. २०२३ मध्ये नेव्हआयआर या चाचणीत नकार तपासला. 'असलेला' आणि 'नसलेला' यातला फरक बहुतेक मॉडेलांना नुसत्या अंदाजापेक्षा बरा जमला नाही. 'वायफाय नसलेला प्रिंटर' शोधा, वायफायवाल्यांची रांग लागते, ती याचमुळे. आणि २०२५ मध्ये गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनीच लिमिट नावाचा संच काढला. अमक्याला काय आवडतं, इतकी बाळबोध वाक्यं. त्यात नावाजलेली एम्बेडिंग (मजकुराचे व्हेक्टर करणारी) मॉडेलं आपटली आणि बीएम२५ आरामात पास झालं. त्यांनी गणितानं दाखवलं की ठरावीक लांबीच्या एका व्हेक्टरनं उत्तरांच्या सगळ्या जोड्या वर आणणं शक्यच नसतं. म्हणजे मॉडेल अजून मोठं करा, आणखी शिकवा, हा उपाय एका हद्दीपलीकडे लागू पडत नाही. प्रत्येक शब्दतुकड्याचा वेगळा व्हेक्टर ठेवणारी कोलबर्टसारखी पद्धत तिथे बरी ठरते, पण तिला साठवणूक कितीतरी जास्त लागते. मग पैसे मोजायची वेळ आली की सगळे एका व्हेक्टरवर परत.

या सगळ्यावर आता सारांशाची पट्टी. गूगलनं २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यूज सुरू केले, आणि काही दिवसांतच पिझ्झ्यावर चीज चिकटायला गोंद घाला असा सल्ला जगभर फिरला. सगळे हसले. मला त्याची फारशी काळजी नाही; गोंदाचा सल्ला मूर्खपणाचा आहे हे कोणालाही दिसतं. घातक आहे ते रोलर उलटा फिरवा. तो सल्ला शहाणपणाचा वाटतो, कुठल्यातरी मशीनसाठी खराही आहे, आणि सोबत लिंक आहे. अशा उत्तरांची तपासणी करताना साधारण विचारतात की वाक्याला स्रोतात आधार आहे का. आहे की! ई५१ च्या पानावर ते वाक्य अगदी तसंच आहे. तपासणीत पास. स्रोत मुळात या प्रश्नाचा आहे का, हे निराळं विचारावं लागतं आणि तिथेच कंजुषी होते. त्यात प्रश्नाचे आपणच पाचदहा उपप्रश्न करून शोधायची नवी तऱ्हा आली आहे. उपप्रश्न पाडताना कोड एकदा गळला की पुढे त्याला वाली नाही.

सर्चवर काम करणारे माझ्या मित्रयादीत बरेच आहेत, त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही हेही कळतं. डॅशबोर्डवर 'शून्य निकाल' हा आकडा लाल रंगात असतो, तो खाली आणा म्हणून वरून तगादा असतो. व्हेक्टर लावला की तो आकडा एका रात्रीत शून्यावर येतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. चुकीच्या निकालाचा आकडा कोणी मोजत नाही. तो मोजायला माणसं बसवावी लागतात.

तरी हे करता येतं, म्हणून लिहितोय. प्रश्नात अक्षर आणि आकडा चिकटून आलाय, मॉडेल नंबर, पार्ट नंबर, कायद्याचं कलम, एरर कोड, तर तो साध्या रेगेक्सनं (अक्षरं-आकड्यांच्या साच्यानं) ओळखा आणि ती अट सक्तीची करा, इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मस्ट'. तिथली साधी 'मॅच' क्वेरी मुळात 'किंवा'वर चालते, कोड नसलेलं पानही आत घेते, हे विसरू नका. स्टँडर्ड टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) 'ई-५७' मधल्या आडव्या रेघेवर तोडतो आणि 'ई५७' अखंड ठेवतो, त्यामुळे पानावर एक आणि प्रश्नात दुसरं असलं की असलेलं पानही सापडत नाही. कोडासाठी वेगळं फील्ड (रकाना) ठेवा, इंडेक्स करताना आणि शोधतानाही रेघ आणि जागा काढून टाका. सक्तीच्या अटीला शून्य निकाल आले की तिथेच थांबा. सारांश लिहिणारं मॉडेल त्या वेळी चालवूच नका. व्हेक्टरनं आणलेलं दाखवायचंच असेल तर खाली, वेगळ्या मथळ्याखाली: हा कोड सापडला नाही, याच मशीनचे दुसरे कोड हे आहेत. काकांना ई५१ चं पान अशा मथळ्याखाली दिसलं असतं तर त्यांनी ते वाचलं असतं, झाकण उघडलं नसतं.

बाकीच्यांनी निदान एवढं करा. कोड अवतरणचिन्हांत टाका. पूर्वी अधिक चिन्हानं शब्द सक्तीचा करता यायचा, गूगलनं ते २०११ मध्ये काढलं, आता अवतरणचिन्हंच. पण अवतरणातही विरामचिन्हं जागेसारखी धरली जाऊ शकतात, म्हणून जोडून, रेघ देऊन आणि मध्ये शून्य घालून (ई०५७) असं तिन्ही प्रकारे शोधा. अवतरणासह काही नाही मिळालं तर इंजिन बारीक अक्षरांत तसं सांगून खाली अवतरणाशिवायचे निकाल ओततं. ती बारीक ओळ वाचा, तुमचं उत्तर तीच आहे. गूगलवर 'वेब' हा फिल्टर आहे, त्यात सारांश येत नाही, आणि साधनांमध्ये शब्दशः शोधायचा पर्याय अजून शिल्लक आहे. पान उघडलं की आधी 'पानात शोधा' करून कोड आहे का ते बघा. मॅन्युअलची पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर त्यात अक्षरं सापडणार नाहीत, ती डोळ्यांनीच चाळावी लागते.

रिकामं पान दाखवलं तर वापरणारा दुसऱ्या इंजिनाकडे जाईल, हे कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. जाईलही. मग त्या रिकाम्या पानावर कामाचं काहीतरी द्या: कोड कोणकोणत्या प्रकारे शोधला, त्या मॉडेलची किती पानं इंडेक्समध्ये आहेत, ती शेवटची कधी वाचली, आणि त्यात मॅन्युअल आहे की नाही. हे सगळं तुमच्या इंडेक्समध्ये आधीच पडलेलं आहे. आणि आरआरएफऐवजी प्रश्न बघून दोन्ही याद्यांची वजनं बदलणारं काही कोणी खऱ्या ट्रॅफिकवर चालवत असेल तर खाली लिहा. नुसता डेमो असेल तर नको.