स्टीमच्या ‘फॅमिली’त जागा विकत मिळत नाही

घरच्या ग्रुपवर वहिनींनी एक मेसेज टाकलाय आणि खाली विचारलंय, ‘भावजी, बाळ्यासाठी घेऊ काय?’ बाळ्या नववीत आहे, खानापुरात. हाच मेसेज टिळकवाडीतूनही दोघांनी पाठवलाय, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, आणि त्याच्या ‘फॅमिली’त घरची माणसं एकमेकांचे गेम खेळू शकतात. मेसेज असा: ‘599 रुपये भरा, आमच्या स्टीम फॅमिलीत या, 500 गेम्स आयुष्यभर. फॅमिली एकाच राज्यातली लागते, म्हणून कर्नाटकासाठी वेगळा ग्रुप. घरच्या घरी शेअर केलं तर एका वेळी एकालाच खेळता येतं. क्लाउड सबस्क्रिप्शन एक, खेळणारे दहा. पासवर्ड आणि कोड पाठवा, मुलाला आम्ही ॲड करतो.’

राज्याचं काय काढलंय? सीमाप्रश्न आता गेमिंगमध्येही आणला म्हणायचा! स्टीमचं स्टोअर देश बघतं. निपाणी कुठल्या राज्यात आणि कागल कुठल्या, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अट आहे ती एका घरात राहणाऱ्या जवळच्या माणसांची, जास्तीत जास्त 6 जणांची. त्यामुळे कोल्हापूरचा मावसभाऊसुद्धा नियमात बसत नाही, मग हा 599 वाला कुठून बसणार?

‘एका वेळी एकच’ हे एके काळी खरं होतं, तेवढं मान्य करतो. 2013 पासूनच्या जुन्या शेअरिंगमध्ये मालक खेळायला बसला की दुसऱ्याला त्याच्या लायब्ररीतून, म्हणजे त्यानं घेतलेल्या गेम्सच्या साठ्यातून, उठावं लागायचं. सप्टेंबर 2024 मध्ये स्टीम फॅमिलीज सगळ्यांसाठी सुरू झालं आणि ते संपलं. आता थोरला एक गेम खेळत असताना धाकटा त्याच लायब्ररीतला दुसरा खेळू शकतो. एकच गेम दोघांना एकदम हवा असेल तर दोन प्रती लागतात. काही कंपन्या आपले गेम शेअरिंगला देतच नाहीत, ते वेगळं.

खरा डाव शेवटच्या ओळीत आहे. ‘मुलाला आम्ही ॲड करतो’ म्हणजे काय, ते वहिनी, नीट वाचा. स्टीम फॅमिलीत दोनच भूमिका असतात, प्रौढ आणि मूल. प्रौढाला मुलाचे गेम ठरवता येतात, स्टोअर आणि चॅट बंद-चालू करता येतं, तो किती वेळ खेळला तेही दिसतं. ही किल्ली आईबापांसाठी आहे, आणि तुम्ही ती कोण कुठल्या माणसाच्या हातात देणार! बरं, मूल स्वतःहून बाहेर पडू शकत नाही. त्याला फॅमिलीतल्या प्रौढानं काढायचं, नाहीतर स्टीम सपोर्टनं. प्रौढ म्हणून गेलात तर निघता येतं, खरं जुन्या फॅमिलीत शिरल्यापासून एक वर्ष होईपर्यंत दुसरी फॅमिली नाही. म्हणजे घरची फॅमिली करायचा रस्ताही तेवढा काळ बंद. आणि तुम्ही विकत घेतलेल्या गेमच्या प्रतीवर त्यांच्यातल्या कुणी चीटिंग केलं आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या गेममध्ये तुमच्यावरही येते. हे सगळं स्टीमच्या स्वतःच्या मदतपानावर लिहिलंय, माझ्या मनचं नाही.

पासवर्डचं तर बोलायलाच नको. फॅमिलीचं आमंत्रण आपल्या खात्यावर येतं, आपणच स्वीकारायचं. त्यात पासवर्ड किंवा लॉगिनचा कोड दुसऱ्याला द्यायची पायरीच नाही. जो मागतो त्याला तुमचं खातं हवंय.

क्लाउडचे ‘दहा जण’ म्हणजे थाप. क्लाउडवर गेम कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालतो, आपल्याकडे त्याचं चित्र येतं. जीफोर्स नाऊ या क्लाउड सेवेवर एका खात्यावर एका वेळी एकच सेशन, आणि स्टीमवरचा गेम आपल्याकडे असावा लागतो तो वेगळाच. ‘आयुष्यभर’बद्दल एवढंच सांगतो की गूगलची तसलीच सेवा स्टेडिया 18 जानेवारी 2023 ला बंद झाली, आणि स्टीम स्वतः पैसे घेताना लिहितं की तुम्हाला मिळतंय ते लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, मालकी नव्हे.

वहिनी, बाळ्याच्या बाबांच्या नावानं स्टीम खातं काढा, अकाउंट डिटेल्समध्ये फॅमिली मॅनेजमेंट उघडा आणि बाळ्याला तिथून मूल म्हणून आमंत्रण पाठवा. फॅमिली करायला एक रुपया लागत नाही.