मेंदूत ‘नीतीचं केंद्र’ सापडलं म्हणे!

सोलापुरातल्या पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: ‘हार्वर्डचे शास्त्रज्ञ जोशुआ ग्रीन यांनी मेंदूतलं नैतिकतेचं केंद्र शोधलं. ज्याचं केंद्र बलवान, तो जन्मतःच सज्जन. भावनाप्रधान माणसं चुकीचा निर्णय घेतात, बुद्धीने चालणारी बरोबर. स्कॅनमध्ये माणसाची नियत दिसते. तेव्हा संस्कारवर्गावर पैसे घालवू नका, मुलाची ब्रेन टेस्ट करा.’ खाली जोडलेले हात आणि ‘किमान दहा पालकांना पाठवा’.

मी इथे कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. ग्रीन यांचं काम माझ्या वर्गात येतं, म्हणून एकेक दावा घेतो.

‘केंद्र शोधलं’ हा पहिला. ज्या प्रयोगाने ग्रीन यांचं नाव झालं तो २००१ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. तेव्हा ते प्रिन्स्टनला होते, आणि शिकत होते तत्त्वज्ञान. हार्वर्ड नंतरचं. नऊ-नऊ जणांवर दोनदा प्रयोग झाला. त्यांच्यापुढे साठ प्रसंग ठेवले आणि ते विचार करत असताना मेंदूचं एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग केव्हा सक्रिय होतो ते दाखवणारं स्कॅन) घेतलं. त्यातले दोन प्रसंग तत्त्वज्ञानातले जुनेच. रुळावरून डबा सुटलाय, पुढे पाच गँगमन आहेत. सांधा बदलला तर डबा दुसऱ्या रुळावर जाईल, तिथे एकच जण आहे. बहुतेक लोक म्हणतात, बदला. आता सांधा नाही. तुम्ही पादचारी पुलावर उभे आहात, शेजारी एक धिप्पाड माणूस. त्याला खाली ढकललं तर डबा अडेल आणि पाच जण वाचतील. हिशोब तोच, पण इथे बहुतेक जण नको म्हणतात. (रेल्वेत नोकरी करणाऱ्याचा मुलगा वर्गात असला की तो हमखास विचारतो, ‘सर, माणसाने डबा अडतो होय?’ नाही अडत. प्रश्नात तसं धरून चालायचं.)

फरक का पडतो, हा ग्रीन यांचा प्रश्न होता. स्वतःच्या हातांनी इजा करायच्या प्रसंगांत भावनेशी आणि इतरांचं मन ओळखण्याशी जोडलेले भाग जास्त सक्रिय दिसले, तर आकडेमोड डोक्यात धरून ठेवताना लागणारे भाग कमी. भाग अनेक निघाले, आणि त्यातला एकही फक्त नीतीसाठी राखीव नाही. कुणाशी भांडताना, गोष्ट ऐकताना, हिशोब करतानाही तेच कामाला लागतात. सगळे निष्कर्ष टिकले असंही नाही. ढकलायला होकार देणाऱ्यांना उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो, असं मूळ निबंधात होतं. २००९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा कळलं की हा फरक जवळजवळ कुणीच होकार न दिलेल्या मोजक्या प्रसंगांमुळे दिसत होता.

‘जन्मतःच’ हा शब्द पाठवणाऱ्याच्या पदरचा आहे. प्रयोगात प्रौढ माणसं होती. त्यांची तऱ्हा जन्मापासूनची की घरा-शाळेतून आलेली, हे त्या प्रयोगाने विचारलंच नव्हतं. उलट पुराव्याचं एक संशोधन मात्र सोलापूरकरांनी ऐकण्यासारखं आहे. २०१४ मध्ये अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी हाच पुलावरचा प्रश्न काहींना मातृभाषेत विचारला, काहींना नंतर शिकलेल्या परक्या भाषेत. परक्या भाषेत ‘ढकलू’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण लक्षात येण्याइतकं वाढलं. सांधा बदलायच्या प्रश्नात तसा फरक पडला नाही. म्हणजे प्रश्न कोणत्या भाषेत कानावर पडला, एवढ्यानेही उत्तर हलतं. आपल्याकडे पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शाळेत मराठी, नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी. लहानपणापासून दोन भाषा बोलणाऱ्या मुलाला कोस्टा यांचा निष्कर्ष सरसकट लावता येणार नाही. त्यांचे लोक परकी भाषा नंतर शिकलेले होते. पण इंग्रजीत फाडफाड ‘पुश हिम’ म्हणणारा विद्यार्थी घरच्या भाषेत काय म्हणेल, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय. सज्जनपणा जन्मतःच कोरून आला असता तर हा प्रश्नच पडला नसता.

भावना विरुद्ध बुद्धी या दाव्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. ग्रीन स्वतः परिणामांचा हिशोब करणाऱ्या बाजूला झुकतात. भावनिक प्रतिक्रिया म्हणजे कॅमेऱ्याचं ऑटो सेटिंग, विचार म्हणजे मॅन्युअल, असं ते सांगतात. पण त्यांच्या मते दोन्ही लागतात. शिवाय तो त्यांचा तात्त्विक युक्तिवाद आहे, स्कॅनमधून निघालेला शोध नव्हे. हार्वर्डमधलेच तत्त्वज्ञ सेलिम बर्कर यांनी २००९ मध्ये त्याची चिरफाड केली: मेंदूत काय घडतं यावरून काय करावं हे ठरत नाही.

भावना काढून टाकली तर काय होतं, हेही तपासलं गेलंय. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये कपाळामागच्या, डोळ्यांच्या वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झालेल्या सहा रुग्णांचा अभ्यास आला. त्यांची बुद्धी शाबूत होती. पुलावरच्यासारख्या प्रसंगांत ते इतरांपेक्षा जास्त वेळा ‘ढकला’ म्हणाले. फॉरवर्डच्या हिशोबाने हे नीतीचे महामेरू ठरायला हवेत. पण अशाच रुग्णांना पैशांच्या वाटणीचा खेळ दिला (समोरच्याने देऊ केलेला वाटा नाकारला तर दोघांनाही काहीच मिळत नाही), तेव्हा अन्यायाची वाटणी ते इतरांपेक्षा जास्त वेळा रागाने धुडकावत, स्वतःचं नुकसान सोसून. थंड डोक्याचा हिशोब कुठे गेला मग?

आणि हा वाद आपल्याला नवा नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. सत्य बोलायचं व्रत पाळायला त्याने लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना सांगितला आणि तो नरकात गेला. नियम की परिणाम, यावर एफएमआरआयच्या कित्येक शतकं आधी आपल्याकडे डोकेफोड झालेली आहे.

राहिली ‘ब्रेन टेस्ट’. इथे खरं नुकसान होऊ शकतं. स्कॅन सेंटरमधलं नेहमीचं एमआरआय गाठ, रक्तस्राव, सूज दाखवतं, नियत नाही. एफएमआरआय मोजतं रक्तातल्या ऑक्सिजनचे बारीक बदल, आणि निष्कर्ष निघतात ते अनेकांच्या सरासरीवरून. एका मुलाच्या चित्रावर ‘सज्जन’ किंवा ‘लबाड’ असा शिक्का मारता येत नाही. आकडे निष्काळजीपणे हाताळले तर काय होतं हे दाखवायला २००९ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेल्या सॅमन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले. मेंदूतली हजारो ठिकाणं एकदम तपासताना काही आकडे निव्वळ योगायोगाने मोठे येतात. त्याची दुरुस्ती न करता गणित मांडलं तर माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ निघाली!

आपल्याकडेही हा मोह महाग पडलाय. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार घेत शिक्षा सुनावली, त्याची जगभर चर्चा झाली. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि अशी मेंदूचाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २०(३)चं संरक्षण त्याला आहे. संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष आपोआप पुरावा ठरत नाही. खुनाच्या आरोपीला जे संरक्षण आहे, ते दप्तरातून कुणाचा कंपास घेतलेल्या सातवीतल्या पोराला आई-बापांनी नाकारायचं?

संस्कारवर्गाला पाठवायचं की नाही, हे तिथे जाऊन पाहून ठरवा: कोण शिकवतं, काय शिकवतं, मुलांना प्रश्न विचारू देतात का. ग्रीन यांच्या निबंधात त्याबद्दल एक ओळही नाही.