म्हणे उन्हात फुटबॉलचं प्रेशर डबल होतं

सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आलाय तो फॉरवर्ड. म्हणे 20 डिग्रीच्या एसीतला फुटबॉल 40 डिग्रीच्या उन्हात नेला की प्रेशर डबल होतं आणि बॉल फुटतो, म्हणून आधी अर्धी हवा काढा. शिवाय थंडीत हवा गळते आणि सीझन बॉलपण उन्हात फुगतो, अशा दोन शेपट्या. माझ्या भाच्याने खरंच हवा काढली आणि शिवाजी पार्कला भाकरीसारखा चपटा बॉल घेऊन आला, किक मारली की नुसतं धप्प, बॉल जागचा हलेना.

आधी ते डबल बघू. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाण्याचा बर्फ होतो तो पॉइंट, उष्णता संपली असं नाही, नाहीतर हिवाळ्यात श्रीनगरचे सगळे फुटबॉल चपटे झाले असते ना! गॅसचा हिशोब केल्विनमध्ये करतात, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवायचे, 293 चे 313, जेमतेम 7 टक्के वाढ. आता खरी गंमत, जी फॉरवर्ड खोडणारेपण विसरतात: प्रेशर मोजायचं गेज दाखवतं ते बाहेरच्या हवेपेक्षा वरचं प्रेशर. गेजवर 9 पीएसआय (प्रेशरचं एकक) असेल तर आत खरे 23.7, कारण बाहेरच्या हवेचे 14.7 त्यात धरायचे. त्यावर 7 टक्के चढवा, 25.3 होतात, 14.7 परत वजा करा, गेजवर 10.6. नियमाने फुटबॉलला साधारण 8.5 ते 15.6 चालतं, मग फुटतोय कुठे? उलट भाच्यासारखे 4.5 वर आणाल तर भर उन्हातपण 6 च्या खालीच राहणार.

थंडीत गळते हे तेच गणित उलटं. अमेरिकेत 2015 मध्ये पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल टीमचे बॉल मॅचमध्ये नरम निघाले तेव्हा मुद्दाम हवा काढल्याच्या आरोपावरून केवढा राडा झाला, त्यांचा स्टार खेळाडू टॉम ब्रेडीला 4 मॅचची बंदी, आणि फिजिक्सवाले सांगत होते की उबदार खोलीत भरलेला बॉल थंड मैदानावर 1 पीएसआय सहज उतरतो. पेट्रियट्सनी हवा काढली की नाही ते जाऊ दे, पण बॉल परत गरम झाला की तेवढं प्रेशर परत येतं, गळालेली हवा परत येत नाही. शंका असेल तर व्हॉल्व्हवर थुंकी लावा, बुडबुडा आला तर गळतोय.

आणि सीझन बॉल? अरे आत कॉर्क आणि त्यावर गुंडाळलेला धागा, फुगायला हवा आहे कुठे त्यात!