लाकडं कुठली?

परवा गाडी साफ करताना मागच्या सीटखाली झाडाच्या सालीचा तुकडा सापडला आणि मी दचकून आधी आजूबाजूला पाहिलं. आठवडा उलटला तरी ही अवस्था आहे.

मिशिगन सरोवराकाठचं एक स्टेट पार्क. मी, बायको, दोन मुलं आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई. दोन रात्रींची जागा सहा महिने आधी, भर डिसेंबरात, तत्काळ तिकिटाच्या जिद्दीनं पटकावलेली. तंबू कसा उभा राहिला ते विचारू नका. राहिला.

मग मी डिकीतून लाकडं काढायला लागलो. आमच्या नोव्हाय गावातल्या घरामागचा मेपल गेल्या वर्षी पाडून घेतला होता. पाडणाऱ्यानं पैसे मोजून घेतले आणि ओंडके तिथेच टाकून गेला. उचलायचे पैसे म्हणे वेगळे. तेव्हापासून ते ओंडके वसूल करायचे, या एकाच विचारानं मला पछाडलं होतं. खरं तर ही कॅम्पिंगची कल्पनाच त्यातून निघाली. बायकोला अजून वाटतं की मला निसर्गाची ओढ लागली.

शेजारच्या जागेत एसटीएवढा आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, होता. दाराशी पायपुसणं, वर दिव्यांची माळ, प्लास्टिकचे दोन फ्लेमिंगो आणि बाबागाडीत बसवलेला एक कुत्रा. मालक सत्तरीचे. हात मागे बांधून सावकाश चालत आले आणि म्हणाले, "कुठून?"

या देशात अठरा वर्षं काढल्यावर याचं उत्तर जिभेवर तयारच असतं. "नोव्हाय."

"नाही, मुळात कुठून?"

हेही ओळखीचंच. "पुणे. भारत."

काका बराच वेळ लाकडांकडे बघत राहिले. "ही भारतातून आणलीत?"

खुलासा झाल्यावर वातावरण निवळेल असं मला वाटलं. काकांनी आपली घडीची खुर्ची आणली, आमच्या जागेत मांडली, आणि एमरल्ड अ‍ॅश बोरर या किड्याचं चरित्र सांगायला घेतलं. लांबी अर्धा इंच. रंग हिरवा, चकचकीत. अळ्या सालीखाली बोगदे करतात आणि झाडाचं अन्नपाणी तोडतात. अ‍ॅशची कोट्यवधी झाडं गेली. हा किडा स्वतःहून फार लांब उडत नाही. त्याला माणसंच जळाऊ लाकडातून फिरवून आणतात. 2002 साली तो या देशात पहिल्यांदा सापडला डेट्रॉइटजवळ. "नोव्हाय त्याच बाजूला ना?" मी गुन्हेगारासारखी मान डोलावली.

"आला कुठून, तर आशियातून. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून."

हे मात्र मला लागलं. मी आलो तेव्हा मुलाखती झाल्या, कागद झाले, ठसे झाले. हा खोक्यात बसून आला आणि स्थायिक झाला. त्यात अंगानंच हिरवा, म्हणजे ग्रीन कार्ड जन्मजात. मी अजून रांगेत आहे.

"पण हे मेपल आहे," मी शेवटचा प्रयत्न केला.

"मेपलला दुसरा असतो. एशियन लाँगहॉर्न्ड बीटल." त्यातल्या 'एशियन'वर जरा जास्तच वजन पडलं. की मलाच तसं ऐकू आलं?

सगळ्यात चीड कशाची आली सांगू? काका बरोबर होते. लाकूड लांब नेऊ नका, जिथं जाळायचं तिथंच घ्या, असं इथं वर्षानुवर्षं सांगताहेत. चुकीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

निकाल असा लागला: लाकडं परत न्यायची नाहीत, मागं ठेवायची नाहीत, आज रात्रीच सगळी जाळायची, सालीसकट. काकांनी घरचा झाडू आणि सुपली आणली आणि माझी डिकी झाडून घेतली. स्वतः. शेजारपाजारचे तंबू बघत होते. दोन रात्रींचं लाकूड, जून महिना, अंगाची काहिली. मुलं तंबूत पळाली. त्या बाजूला जूनमध्ये सूर्यच मुळी साडेनऊच्या सुमाराला बुडतो आणि दहापासून शांतता पाळायची, म्हणजे अंधारातली शेकोटी मिळते अर्धा तास. सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "जावईबापू, होळी चांगली पेटलीय. दहाच्या आत बोंब मारून घ्या."

तेवढ्यात काका सपत्नीक मार्शमेलो घेऊन आले आणि आमच्याच जाळावर भाजत बसले. मागं त्यांच्या आरव्हीत टीव्हीवर बेसबॉल दणदणत होतं. नऊ एकोणसाठला बंद झालं. माणूस नियमाचा पक्का.

दुसऱ्या रात्रीसाठी मी पार्कातूनच मोळी विकत घेतली. आठ डॉलर, ओलीकच्च. नुसता धूर. सासूबाईंनी पार्कच्या नकाशाची सुरळी करून फुंकणी केली तेव्हा कुठं चहा झाला. काका लांबूनच अंगठा दाखवून गेले.

निघताना सासूबाईंनी पाइनची सात बोंडं वेचून पिशवीत भरली, सांगलीच्या शोकेससाठी. मी काही बोललो नाही. फक्त काकांच्या बाजूच्या काचा वर केल्या आणि गाडी काढली.